करेक्शन बंद केलं तरी ‘फिक्स’ दाखवणारा रिसीव्हर: जिओटॅग फोटोंच्या नावाखाली चाललेली फसवणूक

पोलवर लावायचा ब्लूटूथ ‘आरटीके’ रिसीव्हर (जागा पक्की माहीत असलेल्या बेस स्टेशनकडून दुरुस्ती, म्हणजे करेक्शन, घेऊन सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारं जीपीएस), दोन मीटरचा पोल, मोबाइल अडकवायचा क्लॅम्प आणि एक कॅमेरा ॲप असा संच ३४,००० रुपयांना विकला गेला. काम पाइपलाइनचं होतं. चर बुजवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढायचा आणि फोटोत त्या जोडाचे अक्षांश-रेखांश दहा सेंटिमीटरच्या आत नोंदवायचे, ही कामाची अट. सगळे फोटो ‘आरटीके फिक्स्ड’ असा हिरवा शिक्का घेऊन सादर झाले. नंतर टोटल स्टेशनने (अचूक मोजणीच्या सर्व्हे यंत्राने) तपासणी झाली तेव्हा काही जोड नकाशावर तीन-चार मीटर बाजूला निघाले. तोवर चर बुजले होते आणि बिल अडकलं होतं. विक्रेत्याचं उत्तर एकच, ‘तुमच्याकडे आकाश मोकळं नसेल.’

डबा उघडल्यावर खरा प्रकार कळला. वरच्या स्टिकरवर यू-ब्लॉक्स कंपनीच्या झेडईडी-एफ९पी या आरटीके मॉड्यूलचं (उपग्रहांचे सिग्नल वाचणाऱ्या भागाचं) नाव होतं, आत मात्र त्याच कंपनीचं जुनं निओ-एम८एन. एम८एन वाईट नाही. गाडीला, ड्रोनला उत्तम चालतं, पण ते एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे एल१ वर ऐकतं आणि त्याच्या डेटाशीटवरच अडीच मीटर अचूकता लिहिलेली असते. बेस स्टेशनकडून येणारं आरटीकेचं करेक्शन त्याला वापरताच येत नाही. ॲपमध्ये एनट्रिपचं (इंटरनेटवरून करेक्शन आणणाऱ्या सोयीचं) लॉगिन होतं, ‘कनेक्टेड’ही दिसत होतं, पण आलेला डेटा मॉड्यूल नुसता टाकून देत होतं. मॉड्यूल आणि ब्लूटूथ यांच्यामध्ये एक ईएसपी३२ (प्रोग्राम करता येणारी छोटी चिप) बसवलेला होता आणि खरी लबाडी तिथे होती.

रिसीव्हर मोबाइलला दर सेकंदाला ‘जीजीए’ नावाची एक ओळ पाठवतो. स्वल्पविरामांनी तोडलेली ही ओळ नाव सोडून मोजायला घ्या. सहावा रकाना दर्जाचा: १ म्हणजे साधं जीपीएस, २ म्हणजे डीजीपीएस किंवा गगनसारखी (भारताच्या उपग्रहांवरून येणाऱ्या करेक्शनची) मदत, ५ म्हणजे फ्लोट, म्हणजे अर्धवट जुळलेलं आरटीके, ४ म्हणजे फिक्स्ड, म्हणजे पूर्ण जुळलेलं. तेरावा रकाना शेवटचं करेक्शन किती सेकंद जुनं आहे ते सांगतो. या डब्याच्या ओळीत सहाव्या रकान्यात कायम ४ आणि तेरावा रिकामा. करेक्शन आलेलंच नाही आणि फिक्स मात्र पक्का! मधला ईएसपी३२ एवढंच करत होता: १ पुसून ४ लिहायचा आणि अक्षांश-रेखांशाच्या शेपटीला आणखी दोन आकडे जोडायचा. ॲपला यात काहीच वावगं दिसत नाही, कारण ते आलेला आकडा जसाच्या तसा छापतं.

त्या लांबलचक दशांशांवर तर निम्मी विक्री होते. दशांश अंशातला पाचवा आकडा महाराष्ट्रात उत्तर-दक्षिण साधारण १.१ मीटरचा आणि पूर्व-पश्चिम १.०५ मीटरच्या आसपास. आठवा आकडा मिलिमीटरचा. तो छापायला अचूकता लागत नाही, नुसता कोड लागतो.

डेमोही ठरलेला असतो. मोकळ्या पटांगणात पोल उभा करायचा, नकाशा पूर्ण झूम करायचा आणि ‘बघा, पॉइंट हलत नाही’ म्हणायचं. एम८ मालिकेत ‘स्टॅटिक होल्ड’ ही सोय आहे. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की रिसीव्हर जागा गोठवून ठेवतो. न हलणारा ठिपका म्हणजे बरोबर ठिपका नव्हे. उपग्रह नकाशावरच्या झाडाशी किंवा बांधाशी जुळवून दाखवणंही बिनकामाचं, कारण तो नकाशा स्वतःच काही मीटर सरकलेला असू शकतो.

पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या समोर हे करा. ‘आधी ऑर्डर द्या, मग ट्रेनिंगला दाखवतो’ म्हणाला, तर तिथूनच उठा.

फिक्स लागल्यावर मोबाइलचा डेटा बंद करा आणि जीजीएची कच्ची ओळ बघत राहा. खऱ्या एफ९पीत तेरावा रकाना सेकंदागणिक वाढत जातो आणि मूळ सेटिंग असेल तर साधारण मिनिटभराने दर्जा ४ किंवा ५ वरून खाली उतरतो. पाच मिनिटं झाली तरी ४ च असेल, तर समजा तो आकडा कोणीतरी लिहिलेला आहे. मग डेटा सुरू करून फिक्स परत येऊ द्या आणि अँटेनावर स्टीलचं पातेलं पालथं घाला. फिक्स गेला पाहिजे. पातेलं काढल्यावर १ वरून ५ आणि मग ४ असा प्रवास दिसायला हवा, थेट ४ नाही.

त्यानंतर टेप. जमिनीवर बरोबर पाच मीटरवर दोन खिळे ठोका, दोन्हींवर पॉइंट घ्या आणि ॲपमधलं अंतर बघा. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक ठीक, तीस सेंटिमीटरचा नाही. तासाभराने पहिल्या खिळ्यावर परत पॉइंट घ्या. उपग्रहांची मांडणी बदललेली असते, त्यामुळे खोटा डबा इथे हमखास उघडा पडतो. एकाच बैठकीतले दहा पॉइंट जुळले म्हणून खूश होऊ नका.

लॅपटॉप असेल तर यूएसबीने जोडून यू-सेंटर या यू-ब्लॉक्सच्याच प्रोग्राममध्ये ‘मॉन-व्हेर’ हा संदेश बघा. एफ९पीच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) नाव एचपीजीने सुरू होतं, साध्या एम८एनचं एसपीजीने. डब्याचं यूएसबी फक्त चार्जिंगपुरतं ठेवलं असेल, तर ते का, हे विचारा. अँटेनाही बघा. मॉड्यूल एल१ आणि एल२ अशा दोन फ्रिक्वेन्सीचं आणि अँटेना एल१चीच, हाही धंदा चालतो. मग उपग्रहांच्या यादीत एल२ चे सिग्नल नीट दिसत नाहीत आणि फिक्स लागायला फार वेळ जातो.

‘नाविक आहे, गगन आहे, बेस लागत नाही’ ही थाप सर्रास मारली जाते (नाविक म्हणजे भारताची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा). गगनची मदत मीटरच्या पातळीवरची आहे. शेतावर सेंटिमीटर हवे असतील तर जवळचा बेस हवा, नाहीतर सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स (कायम चालू असलेल्या बेस स्टेशनांच्या) जाळ्याचं करेक्शन. महाराष्ट्रात त्याची ७७ स्टेशनं आहेत. त्यासाठी नोंदणी करावी लागते आणि शेतावर मोबाइल डेटा लागतो. या दोन्हींबद्दल विक्रेता अवाक्षर काढत नसेल तर सावध व्हा.

डबा खरा निघाला तरी फोटो खोटा निघू शकतो. अँड्रॉइडमध्ये बाहेरच्या रिसीव्हरची जागा ‘मॉक लोकेशन’, म्हणजे दुसऱ्या ॲपने पुरवलेली जागा, म्हणून दिली जाते. ब्लूटूथ क्षणभर तुटलं की मोबाइल गुपचूप स्वतःच्या जीपीएसवर येतो आणि फोटोवर तसं कुठे दिसत नाही. शिवाय एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्येच दडलेल्या माहितीत) अक्षांश अंश, मिनिटं, सेकंद असे साठतात. एखादा कॅमेरा सेकंदाचे दोनच दशांश लिहीत असेल, तर तिथेच ३१ सेंटिमीटरची पायरी पडते आणि आरटीकेचे सगळे कष्ट वाया. म्हणून नमुना फोटो एक्झिफटूल या प्रोग्राममध्ये उघडून सेकंदांचे किमान चार दशांश आणि ‘हॉरिझॉन्टल पोझिशनिंग एरर’ हा टॅग आहे का ते बघा. हा नमुना व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा मागवू नका, एक्झिफ गळून जातं. डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटोवर छापलेली अक्षरं पुरावा नव्हेत, ती कोणीही बदलतो.

उंचीतही गफलत होते. आपल्याकडे लंबगोलावरची (जीपीएस मुळात मोजतं ती, पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ मीटरच्या पुढे कमी येते. ॲप यातली कोणती लिहितं, हे लेखी घ्या. आणि दोन मीटरचा पोल पाच अंश कलला तर वरचं टोक १७ सेंटिमीटर सरकतं, त्यामुळे पोलवरच्या लेव्हलचा बुडबुडा मधोमध असल्याशिवाय पॉइंट घेऊ नका. नोंद अँटेनाखालच्या जागेची होते, समोर दिसणाऱ्या वस्तूची नाही. म्हणून पोलचं खालचं टोक जोडावरच टेकवा.

ई-पीक पाहणी किंवा घरकुलाच्या फोटोंसाठी कोणी हा संच गळ्यात मारत असेल, तर घेऊ नका. तिथे मोबाइलचं जीपीएस पुरतं, आणि मॉक लोकेशन चालू दिसलं की कित्येक ॲप्स फोटोच घेऊ देत नाहीत.

बिलावर ‘जीपीएस मशीन’ एवढंच लिहून घेऊ नका. मॉड्यूलचं पूर्ण नाव, एल१/एल२, फिक्स्ड असताना आडवी अचूकता किती सेंटिमीटर आणि न जमल्यास किती दिवसांत पैसे परत, हे सगळं लिहून घ्या. फसवणूक झालीच असेल तर डबा परत पाठवण्याआधी जीजीएचा लॉग, मॉन-व्हेरचा स्क्रीनशॉट आणि उघडलेल्या डब्याचे फोटो काढून ठेवा. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ आहे. धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून समोरची बाजू हरकत घेऊ शकते, तेव्हा ती स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः वापरत असल्याचं दाखवणारे कागद तक्रारीला जोडा.