जुन्या ट्रॅक्टरचा धूर : रब्बी आणि उन्हाळी हंगाम वापरल्यानंतर

दिवाळीनंतर ३५ एचपीचा, तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खालचं सगळं अशा कुठल्याही जुन्या डिझेल इंजिनाला लागू पडतं. गव्हाची पेरणी, हरभऱ्याची मळणी आणि उन्हाळी नांगरट एवढं काम त्यावर झालंय.

ओढायला दमदार, हायड्रॉलिक ठीक, गिअर थोडे कडक. कटकट एकच, धूर. आणि धूर म्हटलं की मिस्त्री आधी म्हणणार, "इंजिन उतरवा." लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि वर मजुरी, आकडा ऐकूनच माणूस गप्प बसतो. माझं म्हणणं एवढंच की नुसत्या रंगावर इंजिन खोलू नका. धूर कधी येतो ते चार दिवस बघा.

आमचा ट्रॅक्टर काळा, पांढरा, निळा असे तिन्ही रंग दाखवायचा. रोटाव्हेटर जमिनीला टेकला की काळा. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, म्हणून आधी एअर क्लीनर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा डबा, बघितला. ऑईलवाल्या क्लीनरची वाटी काढली तर तळाला बोटभर चिखल आणि वरचं ऑईल ग्रीससारखं. मळणीच्या दिवसांत ही वाटी रोज बघावी लागते. ऑईल खुणेपर्यंतच भरायचं. जास्त झालं तर इंजिन ते आत ओढतं, निळा धूर येतो, आणि फारच ओढलं तर रेस आपोआप चढत जाते, स्टॉपर ओढूनही इंजिन थांबत नाही.

वाटी धुतल्यावर काळा धूर बराच उतरला, पण गेला नाही. मग डिझेल पंपाकडे नजर गेली. डिझेलचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूवरच्या सीलची तार तुटलेली. उसाच्या ट्रॉल्या ओढायला कुणीतरी स्क्रू फिरवून डिझेल वाढवलेलं असणार. ताकद वाढल्यासारखी वाटते खरी, पण जादाचं डिझेल काजळी होऊन सायलेन्सरमधून जातं आणि पिस्टन तापतो तो वेगळाच. हा स्क्रू घरी फिरवायचा नाही. पंप उतरवून टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर नेला.

पांढरा धूर थंडीत सकाळी यायचा, इंजिन तापेपर्यंत. डोळे चुरचुरले तर ते न जळलेलं डिझेल. वाफ असेल तर डोळ्यांना झोंबत नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होत जातं. थंड इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढून स्टार्टर मारा. पाण्यात सारखे बुडबुडे आले तर हेड गॅस्केटवर (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग) संशय घ्या. आमच्याकडे बुडबुडे नव्हते. मग मिस्त्रीने इंजिन हळू चालू ठेवून नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) पाइपांचे नट फडकं धरून एकेक करून सैल केले. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरला आवाज लगेच पडला, मधल्याला काहीच फरक नाही. म्हणजे मधलं सिलिंडर नीट काम करत नव्हतं. या वेळी पाइपासमोर हात आणू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि थेट दवाखाना गाठावा लागतो. मधलं नोझल टेस्टरवर लावलं तर फवारा मारायच्या ऐवजी टपकत होतं. काळ्या आणि पांढऱ्या दोन्ही धुरात त्याचा वाटा होता. तिन्ही नोझल एकदमच बदलले.

राहिला निळा. लोडवर, म्हणजे इंजिनावर ताण असताना नाही, तर बराच वेळ हळू चालवून एकदम रेस दिली की भपका यायचा. व्हॉल्व्हकडून ऑईल आत उतरतंय याची हीच खरी खूण. रिंगा आणि लायनर गेले असते तर निळा लोडवरही दिसला असता आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) धूर भकभक बाहेर पडला असता. ऑईल भरायचं झाकण काढून पाहिलं, तसं काही नव्हतं. म्हणून फक्त हेड उतरवलं. व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या, घासलेले निघाले. गाइड बदलून व्हॉल्व्ह बसवून घेतले, लायनरला हात लावला नाही.

आज लोडवर हलका करडा धूर राहतो, तो चालायचाच. सकाळी किंचित पांढरा, ऊन वर आलं की तोही नाही. ऑईल अधूनमधून वर टाकावं लागतं, पण पूर्वीइतकं नाही.

जुना ट्रॅक्टर बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर आणि न कळवता जा. जाताच आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर थंड होईपर्यंत थांबा, कारण तापवून ठेवलेलं इंजिन पांढरा धूर दाखवत नाही. लोडवर निळा दिसला आणि ब्रीदरही फेकत असेल, तर इंजिन कामाचा खर्च वजा करूनच भाव बोला.