वाजणारे, दुखणारे गुडघे: इंजेक्शन घ्यावे की व्यायाम करावा?

जिना उतरताना गुडघ्यातून करकर ऐकू आली की पंचेचाळिशीतली माणसे ‘वंगण संपले’ असे निदान स्वतःच करून मोकळी होतात. वास्तविक दुखणे किंवा सूज नसेल, तर निव्वळ आवाजाला उपचार लागत नाही. सांध्यातील द्रवात वायूचे बुडबुडे तयार झाल्यानेही तो येतो. निर्णय घ्यावा लागतो तो दुखण्याबाबत, आणि झिजेमुळे दुखणाऱ्या गुडघ्यासाठी बहुधा दोन पर्याय पुढे येतात: स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम.

इंजेक्शनाने काही दिवसांतच आराम पडतो, हा त्याचा निर्विवाद गुण. मात्र तो आराम बहुतेकांना काही आठवडेच पुरतो. मधुमेह असल्यास रक्तातील साखर काही दिवस वाढते. शिवाय २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, दोन वर्षे दर तीन महिन्यांनी हे इंजेक्शन घेतलेल्यांची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) तुलनेसाठी नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा अधिक झिजली आणि दुखण्यात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही.

व्यायामाचा गुण उशिरा येतो आणि सुरुवातीला थोडे दुखतेही, म्हणून अनेकांचा व्यायाम पंधरवड्यात सुटतो. मांडीचे आणि नितंबांचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. जोडीला वजन घटले, तर दर किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. २०२० साली १५६ रुग्णांवरील चाचणीत या दोन उपायांचीच थेट तुलना झाली. वर्षाअखेर दुखणे, ताठरपणा आणि हालचालीतील अडचण यांचे २४० पैकी सरासरी गुण (कमी तितके चांगले) फिजिओथेरपी घेतलेल्यांत ३७, तर इंजेक्शन घेतलेल्यांत ५५.८ होते.

म्हणून व्यायाम आधी, असे माझे मत आहे. दुखण्यामुळे व्यायामच अशक्य होत असेल, तर तो सुरू करता यावा एवढ्यापुरते एखादे इंजेक्शन डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. (सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर मी तरी पैसे घालवणार नाही.) तोवर उकिडवे बसणे कमी करावे, पण चालणे बंद करू नये. गुडघा अडकत असेल, दुखापतीनंतर दगा देत असेल किंवा तापासह लाल होऊन सुजला असेल, तर मात्र ही तुलना बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. ताप असल्यास त्याच दिवशी.