एक वर्ष थांबावे, की जिल्ह्यातल्याच विधी महाविद्यालयात नाव घालावे?

बारावीला नव्वद टक्क्यांच्या पुढे गुण, वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची फाइलभर प्रमाणपत्रे, आठवीपासून ‘हा वकीलच होणार’ असा घरच्यांचा आणि शिक्षकांचा कौल, आणि ‘क्लॅट’ या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या निकालात मात्र एकाही राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळणार नाही असा क्रमांक, या अवस्थेत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे लिहीत आहे. २०१९ मध्ये मी स्वतः याच अवस्थेतून गेलो. पुढे दोनच वाटा उरतात. एक वर्ष घरी राहून पुन्हा परीक्षा द्यायची, किंवा राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेतील गुणांवर जवळच्या विधी महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा. मी दुसरी वाट धरली आणि आज सिंधुदुर्गात वकिली करतो; तेव्हा माझा कल कुठे आहे हे उघडच आहे, तरी पहिल्या वाटेचे गुणही मला जवळून पाहायला मिळाले आहेत.

धक्का का बसतो ते आधी नीट समजून घेतले पाहिजे, नाहीतर निर्णय रागाच्या भरात होतो. आपल्याकडे हुशारी मोजण्याची जी मापे आहेत, त्यांतले एकही या परीक्षेत लागू पडत नाही. बारावीच्या गुणांचा उपयोग खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के ही पात्रतेची अट ओलांडण्यापुरता. तिथून पुढे ४६ टक्के आणि ९६ टक्के सारखेच. प्रमाणपत्रे कोणी पाहत नाही, मुलाखत होत नाही. हल्लीच्या स्वरूपात दोन तासांत १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, आणि दोघांचे गुण सारखे आले तर आधी कायदेविषयक भागातील गुण, मग वय पाहिले जाते. म्हणजे जो आधी जन्मला त्याचा नंबर वर. एवढ्या अरुंद दारातून आत न जाता येणे हा आपल्या बुद्धीवरचा निकाल नव्हे, हे मला मोठ्या माणसांनी त्या वेळी पुष्कळदा सांगितले. पटले मात्र ते नियम स्वतः वाचल्यावरच.

आता एक वर्ष थांबण्याविषयी. या वाटेची बाजू लंगडी मुळीच नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठात जे मिळते ते मिळतेच: पूर्णवेळ शिक्षक, रात्रीपर्यंत उघडे ग्रंथालय, निवाड्यांचे ऑनलाइन संग्रह, अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्टच्या) देशभरातील स्पर्धा, आणि शेवटच्या वर्षी मोठ्या विधी कंपन्या दारात येणे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन विद्यापीठे आपल्याच राज्यात आहेत आणि तिथे महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी जागा राखीव असतात. ज्याला कंपन्यांचे करार, विलीनीकरणे, लवाद या क्षेत्रांतच जायचे आहे, त्याच्यासाठी तिथला शिक्का मोलाचा आहे.

मुंबईत सुट्टीतल्या तयारी वर्गात माझ्याबरोबर श्रीवर्धनकडचा एक मुलगा होता. त्याचाही क्रमांक थोडक्यात हुकला आणि त्याने थांबायचे ठरवले. त्याच्या वाट्याला आलेले वर्ष मी कोणावर येऊ नये असेच म्हणेन. २०१९ पर्यंत २०० प्रश्नांची असलेली परीक्षा त्या हिवाळ्यात १५० प्रश्नांची आणि पूर्णपणे उताऱ्यांवर आधारित करण्याचे ठरले. मग टाळेबंदी आली आणि तारीख पुढे पुढे जात राहिली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच धडकले आणि त्याच्या वाडीत कित्येक आठवडे वीज नव्हती. परीक्षा झाली ती २८ सप्टेंबरला. असे वर्ष पुन्हा येणार नाही, म्हणून ते पहिल्या वाटेच्या खाती मांडणे अन्याय होईल. (कोकणात जून ते सप्टेंबर मोबाइलवर दोन तासांची सराव परीक्षा अखंड देता येणे ही मात्र आजही भाग्याचीच गोष्ट आहे.) तरीही त्याला जागा मिळाली आणि आज तो मुंबईतल्या एका मोठ्या फर्ममध्ये समाधानाने काम करतो. त्याच्यापुरता त्याचा निर्णय बरोबर ठरला, याविषयी मला शंका नाही.

मग मी का थांबलो नाही? कारण एकच होते, आणि ते ऐकून कोणाला क्षुल्लकही वाटेल. आमच्या वेळी २०० पैकी ५० प्रश्न सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींचे होते. आजही प्रश्नपत्रिकेचा जवळजवळ चौथा हिस्सा चालू घडामोडींनाच असतो. त्यासाठी मी एक जाड रजिस्टर घातले होते. कोणती परिषद कोणत्या शहरात झाली, कोणाला कोणता पुरस्कार मिळाला, कोणत्या दोन देशांच्या संयुक्त लष्करी सरावाचे नाव काय, कोणता निर्देशांक कोण प्रसिद्ध करते, हे सगळे तारीखवार, वेगवेगळ्या शाईने. निकालानंतर, पुन्हा तयारी करायची तर कुठून सुरुवात करावी, म्हणून ते रजिस्टर उघडले, तेव्हा लक्षात आले की यातले अर्धेअधिक मे महिन्यातच संपलेले आहे. पुढच्या परीक्षेत पुढच्या वर्षीच्या परिषदा आणि पुढच्या वर्षीचे पुरस्कार येणार. म्हणजे नवे रजिस्टर, पहिल्या पानापासून. इंग्रजी आणि तर्काचे प्रश्न सरावाने सुधारतात, पण सुधारून सुधारणार किती? राहिला कायद्याचा भाग. तिथे नियम किंवा उतारा प्रश्नपत्रिकेतच दिलेला असतो आणि तो दिलेल्या प्रसंगाला लावून दाखवायचा असतो. कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही, ही या परीक्षेची जाहीर भूमिकाच आहे. परीक्षा घेणाऱ्यांच्या दृष्टीने ते न्याय्य आहे, कारण खेड्यातल्या आणि शहरातल्या मुलाला एका रेषेवर उभे करायचे तर असेच करावे लागेल. माझ्या दृष्टीने मात्र याचा अर्थ असा होता की, कायदा शिकायला जाता यावे म्हणून मी आणखी एक वर्ष कायदा सोडून बाकी सगळे शिकणार, आणि जागा नाहीच मिळाली तर हातात आणखी एक शिळे रजिस्टर. ही चीड मला गिळता आली नाही. दुसऱ्या कोणाला ती सहज गिळता येत असेल, तर त्याने माझ्या निर्णयावरून आपला निर्णय ठरवू नये.

आता जिल्ह्यातल्या महाविद्यालयाची बाजू, आणि ती गुळमुळीतपणे सांगण्यात अर्थ नाही. मी जिथे शिकलो तिथे बरेचसे शिक्षक स्वतः वकिली करणारे होते, त्यामुळे कोर्टात सुनावणी लांबली की आमचा तास जाई. अभिरूप न्यायालय हा विषय वर्षातून एकदा, गुण देण्यापुरता उरकला जाई. ग्रंथालयातील टीकाग्रंथांच्या आवृत्त्या इतक्या जुन्या होत्या की दुरुस्त्या पेन्सिलीने समासात लिहिलेल्या आढळत. बार कौन्सिलच्या नियमांनुसार ७० टक्के उपस्थिती लागते. वर्गात डोकी मोजली तर हा नियम कोणासाठी आहे असा प्रश्न पडावा. विधी कंपनी दारात येण्याचा तर प्रश्नच नव्हता. ज्याला कोणीतरी वेळापत्रक आखून दिल्याशिवाय अभ्यास होत नाही, त्याची इथे पाच वर्षे वाहून जाण्याची शक्यता खरोखरच मोठी आहे, आणि माझ्या वर्गातल्या काहींची तशी ती गेलीही.

पण सकाळचा वर्ग संपला की उरलेला दिवस आपला असतो, आणि न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर असते. एका ज्येष्ठ वकिलांकडे मी दुसऱ्या वर्षापासून बसू लागलो. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढे एक सातबारा टाकला आणि विचारले, “वाचून सांग, जमीन कोणाची?” मालकाच्या जागी चार भावांची नावे सामाईक होती, म्हणून मी ती नावे वाचून दाखवली. ते म्हणाले, “खाली इतर हक्कात बघ.” तिथे एका कुळाचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे, नाव आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचा, क्रमांक होता. तो फेरफार काढायला त्यांनी मला तलाठ्याकडे पाठवले. तेव्हा कळले की १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी ते कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले, कूळ कायद्याच्या कलम ३२ ग प्रमाणे किंमत ठरली, बहुधा भरलीही गेली, पण कलम ३२ म चे खरेदीचे प्रमाणपत्र कोणी काढलेच नाही; आणि आता दोन पिढ्यांनंतर चार भाऊ त्या जागेत झाडांची कलमे लावायला निघाले होते. अशा दाव्यात कुळाचा मुद्दा निघाला की तो दिवाणी न्यायालयाला स्वतः ठरवता येत नाही, महसूल अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो, हे कूळ कायद्याचे कलम ८५ अ मी त्या फाइलमध्ये शिकलो. वर्गात ते पुढे कधीतरी आले, तोवर त्यावरचा एक अर्ज मी मराठीत लिहून काढलेला होता आणि ज्येष्ठांनी तो लाल पेनाने जवळजवळ सगळा खोडलेलाही होता.

श्रीवर्धनच्या माझ्या मित्राने मागच्या वर्षी आपल्याच घराच्या जमिनीचा उतारा मला पाठवला आणि यात आमचा हिस्सा किती ते सांग, म्हणाला. त्याच्या कामातले परदेशी करार मला कळणार नाहीत, तेव्हा यात कोणी कोणाच्या वरचढ ठरत नाही. पण कोकणात राहून वकिली करायची असेल तर कोणते शिक्षण लवकर उपयोगी पडते, याचा अंदाज यावरून घेता येईल.

पैशांचा हिशेब थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत वर्षाचा खर्च साधारण दोन-तीन लाखांच्या घरात जातो. जवळच्या महाविद्यालयात घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्याचा त्याच्या लहानशा अंशात भागतो. ज्यांना बँकेच्या कर्जाची भीती नाही आणि पुढे कंपनीचा पगार घ्यायचा आहे, त्यांनी या फरकाकडे फार पाहू नये. वकिलीची सनद घेण्याचा खर्च मात्र आता दोघांनाही सारखाच आणि हलका आहे, कारण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपयांवर आणून ठेवले.

वर्षाची किंमत अलीकडच्या दोन घटनांनी बदलली आहे, असे मला वाटते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. न्यायाधीश व्हायचे स्वप्न असेल, तर घरी घालवलेले वर्ष आता थेट त्या रांगेत एक वर्ष मागे नेते, आणि त्या परीक्षेत पदवी कुठली हे विचारले जात नाही. दुसरी घटना कोकणाला अधिक जवळची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले. याआधी अपिलाच्या कामासाठी रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी गाडी पकडून मुंबई गाठावी लागे आणि तिथला वकील शोधावा लागे. आता फोंडा घाट चढून गेले की उच्च न्यायालय आहे. जिल्ह्यात शिकलेला वकील जिल्ह्यातच अडकतो हा आक्षेप २०१९ मध्ये खरा होता. आज तो तितकासा टिकत नाही.

मनाचे काय, हा प्रश्न राहतो. नकाराचे दुःख कोणत्या वाटेवर लवकर ओसरते, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर माझ्याकडे नाही. गणपतीला चाकरमानी आले की “काय रे, खंय गावली ॲडमिशन?” हा प्रश्न दोन्ही वाटांवर येतोच. फरक एवढाच की थांबलेल्या मुलाला पुढच्या वर्षीच्या आशेवर बोलावे लागते, आणि महाविद्यालयात गेलेल्याला नाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावरचे “एवढे मार्क्स असून हंयच?” वाचावे लागते. मला दुसरे सोपे गेले, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी जायला एक ठिकाण होते. ज्याची आशा त्याला अभ्यासाला बसवते, त्याला पहिले सोपे जाईल.

म्हणून ज्याची तयारी पहिल्या वेळी मनापासून झालीच नव्हती, ज्याचा क्रमांक खरोखर थोडक्यात हुकला आहे आणि ज्याला मुंबई-दिल्लीच्या फर्ममध्येच जायचे आहे, त्याने अवश्य थांबावे. तयारी पूर्ण होऊनही ज्याचे गुण अपेक्षेपेक्षा बरेच खाली राहिले, किंवा ज्याला न्यायालयात उभे राहायचे आहे, त्याला मी जिल्ह्यातले महाविद्यालय सुचवेन. काही जण प्रवेश घेऊन शिकता शिकता पुन्हा क्लॅट देतात. वयाची अट नसल्याने तसे करता येते, आणि परीक्षा आता डिसेंबरात होत असल्याने पहिले सत्र संपता संपता निकालही कळतो. तसे करायचे असेल तर ऑक्टोबरपर्यंत अर्ज भरावा, आणि शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रिका महाविद्यालयात जमा करण्यापूर्वी त्यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात, शिवाय मधूनच प्रवेश रद्द केल्यास शुल्कापैकी किती परत मिळेल हे कार्यालयातून लेखी घ्यावे.