ग्रिम बंधूंच्या संपूर्ण परीकथा: लग्नं जुळवणाऱ्या बाईच्या नजरेतून

'द कम्प्लीट ग्रिम्स फेअरी टेल्स' मी सिंड्रेलासाठी घेतलं नव्हतं. मी वधू-वर सूचक केंद्र चालवते. लग्न ठरताना मुलीच्या मनात जी भीती दाटते, ती या जर्मन कथांमध्ये जितकी नेमकी उतरली आहे, तितकी मला क्वचितच कुठे सापडली.

त्यातही 'द रॉबर ब्राइडग्रूम', म्हणजे दरोडेखोर नवरदेव. गिरणीवाल्याची देखणी मुलगी. मागणी घालायला आलेला माणूस पैसेवाला, नाव ठेवायला जागा नाही. बाप शब्द देऊन मोकळा होतो. मुलीच्या मात्र तो समोर आला, नुसती त्याची आठवण झाली, तरी काळजात धस्स होतं. का, ते सांगता येत नाही. माझ्यासमोर बसून मुली हेच बोलतात: "काकू, तसं वाईट काहीच नाही, पण नको वाटतंय." शेजारची आई लगेच म्हणते, "आधी सगळ्यांनाच असं वाटतं गं."

आपल्याकडे निदान मुलाचं घर बघून यायची रीत आहे. या कथेत वडीलधारं कोणी जात नाही. नवरा मुलगाच तिला एकटीला रविवारी जंगलातल्या घरी बोलावतो, वाट कळावी म्हणून राख टाकून ठेवतो म्हणतो. ती जाते, पण दोन्ही खिशांत वाटाणे आणि मसूर भरून घेते आणि पावलागणिक दोन्ही बाजूंना टाकत राहते. त्याने दाखवलेल्या वाटेवर तिची भिस्त नाही. हा तपशील मला अख्ख्या पुस्तकात सर्वांत मोलाचा वाटतो. तिला कळलेलं काहीच नाही, नुसतं वाटतंय, आणि तेवढ्यावर ती परतीची तजवीज करते.

पुढचं फार भीषण आहे. पिंजऱ्यातला पक्षी तिला माघारी फिर म्हणतो, तळघरातली म्हातारी तिला पिंपामागे लपवते. दरोडेखोर दुसऱ्याच एका मुलीला ओढत आणतात, तिला मारतात आणि अंगठीसाठी तोडलेलं तिचं बोट उडून लपलेल्या नवरीच्या मांडीत पडतं. म्हातारी त्यांच्या दारूत झोपेचं औषध घालते, दोघी निसटतात. राख वाऱ्याने उडून गेलेली असते. वाटाणे-मसुरांना मात्र कोंब फुटलेले असतात आणि चांदण्यात तेच वाट दाखवतात.

घरी आल्यावर ती बापाला सगळं सांगते, पण लग्न मोडल्याचा निरोप धाडला जात नाही. लग्नाच्या दिवशी सगळे नातेवाईक जमलेले असताना ती हकिकत स्वप्न म्हणून सांगायला लागते. मधूनमधून नवऱ्याला समजावते की हे नुसतं स्वप्न होतं, आणि शेवटी ते बोट सर्वांसमोर धरते. तो पळायला बघतो, पाहुणेच त्याला पकडतात. चारचौघांत, पुराव्यानिशी. तिच्या भीतीला 'मनाचे खेळ' म्हणायची सोयच उरत नाही.

याउलट फ्रेंच लेखक शार्ल पेरोचा १६९७ चा 'ब्लूबिअर्ड' मला पटत नाही. नवरा बायकांचे खून पाडणारा, आणि शेवटी तात्पर्य काय, तर बाईने नसती चौकशी करू नये! ग्रिम बंधूंनी ही कथा १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत घेतली होती, पुढे वगळली, म्हणून ती या पुस्तकात नाही. पण 'फिचर्स बर्ड' आहे, ती जरूर वाचा. जादूगार नवरा किल्ल्या आणि एक अंडं सांभाळायला देऊन जातो. दोन्ही थोरल्या बहिणी अंडं हातात घेऊनच बंद खोली उघडतात, ते रक्तात पडतं, डाग जात नाही. धाकटी आधी अंडं नीट जपून ठेवते, मग खोली उघडते. चौकशी तीही करते आणि वाचते.

पुस्तकाबद्दल थोडं. मार्गारेट हंट यांचा एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी अनुवाद जेम्स स्टर्न यांनी तपासून सुधारला आणि न्यूयॉर्कच्या पॅन्थिऑनने १९४४ मध्ये ही आवृत्ती काढली. २१० कथा, आठशेच्या वर पानं. जोसेफ शार्ल यांची जाड रेषांची चित्रं सुंदर आहेत. भाषा जुन्या वळणाची, सवय व्हायला वेळ लागतो. शेवटचा जोसेफ कॅम्पबेल यांचा लेख जड आहे, तो नाही वाचला तरी अडत नाही. पडून वाचायला पुस्तक फार वजनदार.

लहान मुलांच्या हाती सबंध पुस्तक देऊ नका, निवडून वाचून दाखवा. घरात लग्नाची बोलणी चालू असतील तर आधी 'द रॉबर ब्राइडग्रूम' काढा, मोजक्या पानांचीच आहे, आणि मुलीच्या बाबांनाही वाचायला द्या.