लेटेक्सची जड गादी आणि पट्ट्यांचा पलंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

गादी आधी आणि पलंग नंतर, हा क्रम मी मुद्दाम ठेवला होता. गादी नैसर्गिक लेटेक्सची, ७८ बाय ६० इंच, ८ इंच जाड. वजन ४० किलोच्या वर. त्यामुळे पलंग शोधताना रंग, नक्षी, उशाकडच्या फळीचा आकार हे सगळं मागे ठेवलं आणि एकच प्रश्न धरून बसले: या गादीच्या पोटाखाली नक्की काय येणार आहे? आता दमट महिनेही सरले आणि कोरडेही. रोज आम्ही दोघं त्यावर झोपतो. तेव्हा जे दिसलं ते सविस्तर लिहिते, कारण हेडबोर्डवर पानंच्या पानं लिहिलेली सापडतात आणि खालच्या पट्ट्यांवर चार ओळी.

पलंग भरीव लाकडाचा आहे, खाली कप्पे नाहीत. आडव्या पट्ट्या ७ सेंटीमीटर रुंद, २ सेंटीमीटर जाड, दोन पट्ट्यांमध्ये ५ सेंटीमीटरची फट. मधोमध उशापासून पायथ्यापर्यंत एक तुळई, आणि तिला जमिनीवर टेकणारे स्वतःचे पाय.

आधी मापाचं. ‘क्वीन’, ‘किंग’ या नावांवर अजिबात विसंबू नका. अमेरिकेतली क्वीन ६० बाय ८० इंच म्हणजे साधारण १५२ बाय २०३ सेंटीमीटर असते, ब्रिटनमध्ये १५० बाय २०० सेंटीमीटरच्या गादीला किंग म्हणतात, आणि युरोपात १६० बाय २०० हे नेहमीचं माप. नाव एकच आणि गादी वेगळी, असा घोळ सहज होतो. गादी स्वतः टेपने मोजायची, आणि पलंगाचं मोजायचं ते आतलं माप. माहितीपत्रकात बरेचदा बाहेरचं माप मोठ्या अक्षरात असतं, पण गादी बसते ती आतल्या खाचेत. माझ्या पलंगाचं आतलं माप ७९ बाय ६१ इंच आहे, म्हणजे चारी बाजूंनी अर्धा इंच मोकळा. हा अर्धा इंच मला अगदी योग्य वाटतो. याहून कमी असता तर चादर खोचताना बोटांची पेरं रोज लाकडाला घासली असती. याहून बरीच जास्त फट असली की गादी सरकते, कडेला खड्डा राहतो. घरात तान्हं बाळ असेल तर अशी फट धोक्याचीच, मूल तिथे अडकू शकतं.

आता पट्ट्या. या पलंगाचं सगळं यश मी त्यांना देते.

लेटेक्स आणि मेमरी फोम मऊ असतात. वरून भार आला की ते खालच्या फटीत उतरू पाहतात. फट मोठी असेल तर गादीच्या तळाला लाटा पडतात आणि हळूहळू आतला थर तिथेच दबतो. म्हणून अशा गाद्यांना दोन पट्ट्यांमध्ये ७-८ सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे साधारण ३ इंचांपेक्षा जास्त अंतर नको, असं बहुतेक गादीवाले सांगतात. गादीच्या हमीच्या कागदात आधाराबद्दलची अट असतेच. ती पलंग घ्यायच्या आधी वाचा. गादीला झोळ पडला आणि खालचा पलंग त्या अटीत बसत नसला, तर हमीचा उपयोग होत नाही.

पट्टी किती जाड आणि किती लांब यालाही तितकंच महत्त्व. मधोमध भार आला की पट्टी किती वाकेल हे तिच्या लांबीच्या घनावर अवलंबून असतं. लांबी दुप्पट झाली की तोच भार तीच पट्टी आठपट वाकवतो. मधली तुळई नेमकं हेच काम करते: ६१ इंचांचा झोका ती दोन तुकड्यांत तोडते. जाडीचाही हिशेब घनाचाच. दीडऐवजी २ सेंटीमीटरची पट्टी घेतली की ताठपणा दुपटीहून जास्त वाढतो. बघताना अर्ध्या सेंटीमीटरचा फरक डोळ्याला जाणवतही नाही, म्हणून मोजायचा. आणि तुळईला जमिनीवर टेकणारे पाय आहेत ना, हे वाकून, हात लावून बघायचं. नुसती अधांतरी तुळई पट्ट्यांसोबतच खाली जाते.

परवा गादी काढून सगळं नीट तपासलं. लेटेक्सची गादी भिंतीला टेकवून उभी राहत नाही, लोळते, म्हणून दोघांनी धरून बाजूला घ्यावी लागते. मग बाजूच्या कडेपासून तुळईपर्यंत दोरा ताणला आणि एकेक पट्टी बघत गेले. बहुतेक ठिकाणी दोरा पट्टीला चिकटून. फक्त कमरेखाली येणाऱ्या दोन पट्ट्यांपाशी दोऱ्याखाली नख जेमतेम शिरतं. इतक्या वजनाखाली एवढ्यावर मी समाधानी आहे. त्या दोन पट्ट्या पायथ्याच्या पट्ट्यांशी अदलाबदल करून टाकल्या. पट्ट्या बाजूच्या कडेवर नुसत्या स्क्रूने बसवलेल्या असल्यामुळे हे शक्य झालं. कापडी पट्ट्यावर स्टेपल करून गुंडाळी केलेल्या पट्ट्या येतात, त्यांत असं एकेक पट्टी काढून बदलणं किचकट होतं.

गादीचा तळ कोरडा होता. खोळीवर पट्ट्यांचे फिकट ठसे आहेत, पण डाग नाही, कुबट वास नाही. हा फटींचा दुसरा उपयोग. झोपेत अंगातून ओल बाहेर पडते, ती गादीतून खाली जाते, आणि खाली सलग बंद प्लाय असेल तर तिला वाट मिळत नाही. फोमच्या गादीखाली बुरशी धरते ती यामुळेच. प्लायचाच पलंग घ्यायचा असेल तर त्याला भोकं पाडून घ्यावीत आणि गादी अधूनमधून उभी करून वारा द्यावा.

पण हे सगळं माझ्या गादीचं झालं. काथ्याची, रबर लावलेल्या कॉयरची गादी मुळातच ताठ असते. तिला सपाट फळी चालते, फटही थोडी जास्त चालते. एकमेकींना जोडलेल्या स्प्रिंगांच्या गादीचंही साधारण तसंच. सुट्या पिशव्यांमधल्या स्प्रिंगांच्या गादीला मात्र मी फोमसारखंच वागवेन, कारण तिथे प्रत्येक स्प्रिंग आपापली खाली दबते. उशाकडून, पायाकडून वर उचलता येणारा पलंग असेल तर गादी वाकणारी हवी: लेटेक्स, फोम. जोडलेल्या स्प्रिंगांची गादी तिथे नको.

खाली सामान ठेवायचा, गॅसच्या दांड्यांवर उचलला जाणारा पलंगही बघितला होता. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण त्या दांड्यांची ताकद ठरलेली असते, त्यांवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. गादी त्या हिशेबापेक्षा जड असेल तर उचललेलं झाकण वर टिकत नाही, हलकी असेल तर बंद करताना त्यावर बसावं लागतं. माझ्या गादीच्या वजनाला कोणत्या दांड्या चालतील हे विक्रेत्याला सांगता आलं नाही, आणि डोक्यावर येऊ शकणाऱ्या झाकणाच्या बाबतीत मला अंदाज नको होता. तो विचार तिथेच सोडला.

तक्रार एकच, आवाजाची. दमट महिन्यांत पलंग गप्प होता. हवा कोरडी झाली तशी कूस बदलताना उशाकडच्या डाव्या कोपऱ्यातून करकर येऊ लागली. कारण सरळ आहे. लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या अंगाला फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, लांबीत मात्र जवळपास बदलत नाही. आक्रसलं की बोल्ट सैल पडतो आणि सांधा घासतो. गादी काढून, पलंगावर भार नसताना, सगळे बोल्ट चावीने आवळले. पट्ट्या जिथे कडेवर टेकतात तिथे नमद्याच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. करकर थांबली. नव्या पलंगाचे बोल्ट पहिल्या काही आठवड्यांनी आणि पुढे ऋतू पालटला की आवळावेत, हे पलंगासोबतच्या कागदावर छापायला हवं होतं, ते नव्हतं. पार्टिकल बोर्डचा पलंग असेल तर आवळताना जपून. त्यात स्क्रूचं भोक एकदा झिजलं की पकड परत मिळत नाही. भरीव लाकूड किंवा चांगला प्लाय घ्या असं म्हणते ते याचसाठी.

उंचीबद्दल. पट्ट्यांचा वरचा भाग जमिनीपासून १२ इंचांवर आहे, कड १४ इंचांवर. म्हणजे गादी २ इंच आत बसते आणि ६ इंच वर राहते. सरकत नाही, आणि कडेला बसलं तर मांडीला लाकूड लागत नाही. काही पलंगांत गादी निम्मी आत जाते. ते चित्रात छान दिसतं, पण बसताना लाकूडच टोचतं. एकूण उंची २० इंच, बसल्यावर थोडी कमी होते, पाय पूर्ण टेकतात, उठताना हाताचा आधार लागत नाही. गुडघे दुखणारं माणूस घरात असेल तर हे माप सगळ्यात आधी घ्या: खुर्चीवर बसवून टाचेपासून गुडघ्यामागच्या वळणापर्यंत मोजा, आणि गादीसकट पलंग त्याच्या आसपास किंवा जरासा उंच ठेवा.

पलंग गादीपेक्षा जास्त वर्षं टिकतो, म्हणून पुढच्या गादीचंही गणित करून ठेवलं आहे. हेडबोर्डचं टोक ३६ इंचांवर आहे, म्हणजे पाठ टेकायला आज १६ इंच मिळतात. १० इंची गादी आली तर १४ मिळतील आणि बसायची उंची २२ होईल, तेही चालेल. १२ इंची गादी या पलंगावर मी टाकणार नाही.