पॅनेलवरचे २५ अंश आणि माझे १,०५,७२४ रुपये

जळगाव, भुसावळ, धुळे भागात ज्यांची हीटरवर चालणारी मशीन आहेत, त्यांनी हे वाचा आणि पॅनेल उघडून बघा. मला पीव्हीसी पाइपच्या मशीनसाठी आठ नकली टेम्परेचर कंट्रोलर विकले गेले. नग ३,८५० प्रमाणे ३०,८००, जीएसटी ५,५४४, बसवणी ६,५००, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटचे ४,०००. असे ४६,८४४ एनईएफटीने दिले. वर ६४० किलो माल जळाला, ९२ च्या भावाने ५८,८८०.

थर्मोकपल, म्हणजे बॅरलचं (प्लास्टिक वितळतं त्या नळकांड्याचं) तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी, फक्त दोन टोकांमधल्या तापमानाचा फरक सांगतो. के टाइप हा नेहमीचा प्रकार असेल तर अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. तारा कंट्रोलरला जिथे जोडतात त्या टर्मिनलपाशी किती तापमान आहे ते कंट्रोलरने स्वतः मोजून त्यात मिळवायचं असतं, त्यासाठी आत एक बारीक थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा भाग, असतो. माझ्या आठही नगांत त्या जागी १० किलोओहमचा साधा रेझिस्टर झाळलेला निघाला. त्या थर्मिस्टरचा २५ अंशाला जेवढा रोध असतो, नेमका तेवढा. म्हणजे पॅनेल कितीही तापो, कंट्रोलर २५ च धरून चालणार.

मे महिन्यात पॅनेलमध्ये ४८ अंश होते. पडद्यावर १८५, बॅरलमध्ये २०८. पाइप पिवळा पडला, मग काळ्या रेषा, शेडमध्ये डोळे चुरचुरायला लागले. मी कंपाउंडवाल्याशी, म्हणजे पीव्हीसीचा कच्चा माल देणाऱ्याशी, भांडलो, त्याचं पेमेंट अडवलं. तो बिचारा खरा होता.

जिथे हे कळायला हवं होतं ती जागा आठवली की आजही अंगाचा तिळपापड होतो. एप्रिलमध्ये सुट्टीनंतर मशीन थंड होतं, हीटर अजून लावले नव्हते. पारोळ्याकडचा माझा ऑपरेटर म्हणाला, "शेठ, आठे एवढं ऊन, अन् हाई २५ कसं दखाडस?" आठही पडद्यांवर २५. शेडमध्ये उभं राहवत नव्हतं आणि आठही ठिकाणी २५! सप्लायरला फोन लावला. "साहेब, सेन्सर सेट व्हायला वेळ लागतो." मी आयटीआय झालेला माणूस आहे, पण हेच कंट्रोलर त्याने जानेवारीच्या दुपारी माझ्यासमोर टर्मिनल शॉर्ट करून, म्हणजे तारेच्या तुकड्याने जोडून, दाखवले होते. २५ आले होते आणि भिंतीवरचा थर्मामीटरही २५ च्या आसपासच होता. तेव्हा कोणाला संशय येईल? थर्मोकपलची केबलसुद्धा मी सोलून, चुंबक लावून घेतली होती (के टाइपची एक तार चुंबकाला चिकटते). ती खरीच निघाली.

तेव्हा टर्मिनल शॉर्ट करून थांबू नका. शॉर्ट तसंच ठेवून टर्मिनलजवळ हेअर ड्रायर धरा. आकडा चढला पाहिजे.

पोलीस ठाण्यात विचारलं गेलं, "आकडा दाखवतो ना? मग फसवणूक कसली?" फोडलेला कंट्रोलर टेबलावर ठेवला, कोणी हातात घेतला नाही. दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. दुसऱ्या वेळी सांगितलं, पैसे नाशिकच्या खात्यात गेले, तिकडे तक्रार द्या. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची हे नव्या कायद्यात १ जुलै २०२४ पासून लिहिलेलं आहे. तसं म्हटल्यावर "कायदा आम्हाला शिकवू नका." ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर उत्तर आलं की माल धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहकच नाही. स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सवलत आहे, तर ती सिद्ध करा म्हणे. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. मग आम्ही छोट्या युनिटवाल्यांनी जायचं कुठे? मोठ्या कारखान्याचा माल जळला असता तर साहेब स्वतः शेडमध्ये आले असते.

सर्टिफिकेटवर एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा, शिक्का होता. एनएबीएलच्या साइटवर शोधलं तर त्या नावाची लॅबच नाही. बिलावरचा जीएसटी नंबर रद्द झालेला, म्हणजे ५,५४४ चं क्रेडिटही (माझ्या करातून मिळणारी वजावट) गेलं. पोर्टलवर नंबर टाकून बघायला मिनिट लागतं, पैसे सोडण्याआधी बघा. आणि कंट्रोलर उन्हाळ्यात तपासून घ्या, हिवाळ्यात घेतला तर निम्मे पैसे मेपर्यंत अडवून ठेवा.

तो माणूस अजून फिरतोय. मागच्या आठवड्यात धुळ्याच्या एका युनिटमध्ये तेच खोके दिसले. तुमच्याकडे असले तर रेझिस्टरचा फोटो काढा, बिल जपून ठेवा आणि मला कळवा. एकट्याची तक्रार घेत नाहीत, दहा जणांची घ्यावी लागेल.