होम सर्व्हिस की लाइट प्रोग्रॅम? जुन्या बीबीसीचा अख्खा दिवस ऐकायचा असेल तर

जुना ब्रिटिश रेडिओ ऐकायचा नाद लागला की कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. सुटे सुटे कार्यक्रम ऐकून झाले, आता एक अख्खा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लावून बघू, पण मग बीबीसीच्या तेव्हाच्या रेडिओ स्टेशनांतलं कुठलं धरायचं, बातम्या-नाटकांचं होम सर्व्हिस की हलक्याफुलक्या करमणुकीचं लाइट प्रोग्रॅम? मी हा उद्योग दोनदा केलाय, एक रविवार लाइटचा आणि त्याच्या पुढचा होमचा. त्यामुळे हे सगळं माझ्या कानांच्या भरवशावर, तुमचं मत वेगळं असू शकतं.

तारीख धरली २ नोव्हेंबर १९५४, मंगळवार. कारण एवढंच की त्या रात्री होमवर गून शो हा विनोदी कार्यक्रम होता आणि लाइटवर हॅनकॉक्स हाफ अवर या विनोदी मालिकेचा पहिलावहिला भाग, म्हणजे सामना बरोबरीचा. दिवसभराची यादी बीबीसीच्या जिनोम साइटवर मिळते, रेडिओ टाइम्स या बीबीसीच्या जुन्या साप्ताहिकातलीच. यादी मिळते, आवाज मिळेलच असं नाही, म्हणून जिथे त्या दिवसाचं काही सापडलं नाही तिथे मी त्याच कार्यक्रमाचा दुसरा कुठला तरी भाग घुसडला, सोवळ्यातल्या मंडळींनी माफ करावं.

बीबीसीच्या तिसऱ्या, भारदस्त स्टेशनचं, म्हणजे थर्ड प्रोग्रॅमचं विचाराल तर तो संध्याकाळी सुरू व्हायचा, दिवस कसला, रात्रच ती. १९५४ च्या जानेवारीत डिलन टॉमसचं ‘अंडर मिल्क वुड’ हे रेडिओ-नाटक त्यावरच पहिल्यांदा झालं, ते जरूर ऐका, पण या भांडणात त्याला धरत नाही. थर्ड सुरू झाला तेव्हाचे बीबीसीचे मोठे साहेब विल्यम हेली यांची कल्पना अशी होती की माणूस लाइटवरून होमवर आणि होमवरून थर्डवर हळूहळू चढत जाईल. मी मधल्या पायरीवरच बसलो.

आता लाइट. खरं सांगायचं तर घरात कामं करता करता ऐकायला लाइटच बरा. सकाळी फर्माइशी, हाउसवाइव्हज चॉइस, मग म्युझिक व्हाइल यू वर्क, जे १९४० मध्ये ऐन युद्धात कारखान्यातल्या कामगारांसाठी सुरू झालं, त्यांचे हात चालत राहावेत म्हणून. निवेदकाची बडबड जवळजवळ नाहीच, एक धून संपते न संपते तोच दुसरी. मी त्या अर्ध्या तासात माळा आवरला, जो दिवाळीपासून राहिला होता, म्हणजे युक्ती अजून चालते. पावणेदोनला लहान मुलांसाठी लिसन विथ मदर, ‘नीट बसलात ना? मग सुरू करते’ असं इतक्या शांतपणे म्हणते ती बाई की आपण खरंच सरळ बसतो. दोनला वुमन्स अवर, ज्याचा १९४६ मधला पहिला सूत्रधार चक्क पुरुष होता. आणि दर्यावर्दींसाठीचा हवामानाचा अंदाजसुद्धा लाइटवरच, कारण लाँगवेव्ह त्याच्याकडे होती आणि ती समुद्रात लांबवर पोचायची. डॉगर, फोर्टीज, क्रोमार्टी अशी समुद्राच्या भागांची नावं, वारा इकडून, वारा तिकडून. कळत काही नाही पण मला तो फार आवडला, नाचगाण्याच्या मधोमध हे असं गंभीर.

मग अडलं कुठे? मालिकांवर. लाइटची सगळी भिस्त रोजच्या पंधरा मिनिटांच्या मालिकांवर, दुपारी मिसेस डेल्स डायरी आणि पावणेसातला आर्चर्स. मिसेस डेलचा माझ्याकडे एकच भाग होता, तोही भलत्याच वर्षीचा. सुरुवातीला हार्प वाजते, डॉक्टरची बायको आपल्या डायरीतलं सांगायला लागते, नवऱ्याची काळजी (ही तिची कायमचीच), चहा, सासूसुनेसारखं काहीतरी बारीक बारीक, मी हसत हसत ऐकत होतो आणि आठव्या मिनिटाला लक्षात आलं की आपण गुंतलोय. आणि पंधराव्या मिनिटाला संपलं! ऐन अर्ध्यात. दुसऱ्या दिवशीचा भाग मी जवळजवळ तीन आठवडे शोधत होतो, बायको म्हणाली अरे कोण आहे ही बाई, एवढं काय तिचं. नाही मिळाला. दुपारी लावायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत लावायचा आणि विषय संपला, जपून कोण ठेवणार. त्या काळातल्या मालिकांचे भाग फार थोडे उरलेत. १९५५ मध्ये आर्चर्समधली ग्रेस आगीत गेली, तीही आयटीव्ही हे बीबीसीला टक्कर देणारं टीव्ही चॅनल सुरू झालं त्याच संध्याकाळी, तेव्हा लोक ढसाढसा का रडले हे मला या एका भागावरून कळलं. पण त्यांना उद्या होता, आपल्याला नाही. म्हणजे लाइटचा दिवस तुम्ही कितीही मेहनतीने जुळवा, तो मधोमध तुटलेलाच राहतो.

होमवर हे दुखणं नाही, कारण तिथलं बहुतेक सगळं त्या बैठकीत संपतं. भाषण संपतं, नाटक संपतं, प्रार्थना तर संपतेच. त्रास दुसरा आहे, सकाळी आणि दुपारी शाळांचे कार्यक्रम, म्हणजे आपण पन्नाशीचे आणि समोर दहा वर्षांच्या पोरांचा धडा. पहिला ऐकला, दुसऱ्याला भाजी आणायला गेलो. शिवाय होमचे प्रादेशिक फाटे बरेच, मिडलंड, नॉर्थ, वेस्ट, यादी काढताना लंडनचीच धरा नाहीतर घोळ होतो, माझा झाला. पण पाचला चिल्ड्रन्स अवर लागला की दिवस परत रुळावर येतो, आणि रात्री नऊच्या बातम्यांआधी बिग बेनचे टोले पडतात तेव्हा घर आपोआप गप्प होतं. ते लाइटवर नाही.

आणि गून शो. इथे मी पक्षपाती आहे हे कबूल, कारण तो लिहिणारा स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये आमच्या नगरला जन्मला, वडील फौजेत, लहानपण बरंचसं पुण्याच्या कँपात. त्यातला मेजर ब्लडनॉक, इंडियन आर्मीतून आलेला भित्रा आणि लबाड, आला की आधी त्याच्या पोटातले स्फोट ऐकू येतात. ही थट्टा कँपात वाढलेल्या पोरालाच सुचणार असं आपलं मला वाटतं. १९५४ पासूनचे भाग चांगल्यापैकी उरलेत, कारण बीबीसी परदेशी स्टेशनांना विकायला त्यांच्या तबकड्या काढायची. हॅनकॉकही अर्थात उत्तमच आहे, कदाचित जास्त माणसासारखा, पण दोन्ही ऐकून झाल्यावर झोपताना डोक्यात ब्लडनॉकच होता.

तेव्हा दिवसभर हात कामात असतील तर लाइट घ्या, काही चूक नाही. बसून ऐकणार असाल तर मी तरी होमच म्हणेन. आणि मिसेस डेलचा सुटा भाग कुणी पाठवला तर आधी विचारा, पुढचा आहे का. नसेल तर मला पाठवू नका.